ओशन (नृत्य-संगीतकृती)

ओशन : समकालीन नृत्य व जिवंत वाद्यसंगीत यांची एक संयुक्त कृती. अमेरिकन नृत्यकार मर्स कनिंगहॅम (१६ एप्रिल १९१९–२६ जुलै २००९) हा हिचा नृत्यरचनाकार. मूळ कल्पना कनिंगहॅम व संगीतकार जॉन केज (५ सप्टेंबर १९१२–१२ ऑगस्ट १९९२) या दोघांची. वाद्यवृंदाचे संगीत अँड्रू कल्व्हर याने, विद्युत् ध्वनिसंगीत डेव्हिड ट्यूडर याने व वेशभूषा आणि प्रकाशयोजना मार्शा स्किनर हिने सिद्ध केली. पहिला प्रयोग १८ मे १९९४ रोजी ब्रूसेल्स (बेल्जियम) येथील ‘सर्क रॉयल’ या वर्तुळाकार प्रेक्षागृहात झाला. मध्यभागी नर्तक, त्यांच्याभोवती प्रेक्षक आणि प्रेक्षकांभोवती वादक अशी हिची एककेंद्री मांडणी असून मध्यंतराविना ती ९० मिनिटे चालते. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ग्रॅनाइटच्या एका खाणीत, उघड्या आकाशाखाली, तिचे प्रयोग झाले. नृत्य व संगीत यांना परस्परांपासून स्वतंत्र ठेवून केवळ काळ व स्थळ यांच्या आधारे एकत्र आणण्याचा जो उपक्रम केज व कनिंगहॅम यांनी सु. पन्नास वर्षे चालविला, त्याची परिणती या प्रयोगांत दिसते.

सहकार्याची पार्श्वभूमी : केज व कनिंगहॅम यांची भेट १९३८ मध्ये सिअ‍ॅटल येथील कॉर्निश विद्यालयात झाली. तेथे केज नृत्यवर्गाचा साथीदार होता व कनिंगहॅम विद्यार्थी होता. नृत्याची जागा संगीताचे रूप कसे ठरविते, याचा अनुभव केजला याच विद्यालयात आला. १९४० मध्ये एका नर्तकीच्या कार्यक्रमासाठी त्याला आघातवाद्यांचा संच हवा होता. परंतु रंगमंच इतका अरुंद होता, की त्यावर एका पियानोखेरीज दुसरे वाद्य मावणे अशक्य होते. तेव्हा पियानोच्या तारांमध्ये स्क्रू व तत्सम वस्तू अडकवून त्याने एकाच वाद्यातून आघातवाद्यांसारखे विविध नाद काढले. ‘सज्ज पियानो’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे वाद्य अशा रीतीने जागेच्या अडचणीतून जन्मास आले.

कनिंगहॅम १९३९ ते १९४५ या काळात मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यसंघात होता. ५ एप्रिल १९४४ रोजी न्यूयॉर्क येथे केज व कनिंगहॅम यांनी आपला पहिला संयुक्त कार्यक्रम सादर केला. त्या वेळी दोघांनी नृत्य व संगीत यांसाठी एकच कालरचना आखून घेतली होती. ठराविक मिनिटांनी येणाऱ्या सांध्यांवर दोन्ही कला भेटत व मधल्या अवकाशात आपापल्या मार्गाने जात. पुढे हे सांधेही गळून पडले. नृत्याची एकूण लांबी तेवढी संगीतकाराला सांगावयाची, एवढाच करार शिल्लक राहिला. नर्तकांची तालीम संगीताविना, सेकंदकाट्याच्या घड्याळावर होई आणि पुष्कळदा पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच ते संगीत त्यांच्या कानी पडे.

भारतीय नृत्यपरंपरेशी तुलना केल्यास या पद्धतीचे वेगळेपण स्पष्ट होते. कथकात तबल्याचे बोल व पदन्यास समेवर एकत्र येतात आणि त्या भेटीतच रसिकाला आनंद मिळतो. तमाशातही ढोलकी आणि घुंगरू यांची जुगलबंदी रंगते. केज-कनिंगहॅम यांच्या कृतींत अशी सम नसते. दोन्ही कलांचा आरंभ व शेवट एकाच क्षणी होतो. मधल्या काळात घडणारी भेट योगायोगाची असते. ती प्रत्येक प्रयोगात निराळ्या ठिकाणी घडते आणि ती ओळखण्याचे काम प्रेक्षकाकडे येते.

भारतीय विचारांशी संबंध : या सहकार्याच्या घडणीत भारतीय विचारांचा वाटा मोठा आहे. १९४६ मध्ये अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातील पखवाजवादक गीता साराभाई पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्कला गेल्या. केजने त्यांना पाश्चात्त्य संगीतरचनेचे शिक्षण दिले व त्यांनी केजला भारतीय संगीत व तत्त्वज्ञान यांचा परिचय करून दिला. मन शांत करून त्यास दैवी प्रभावासाठी अनुकूल करणे हे संगीताचे प्रयोजन होय, ही त्यांच्या गुरुपरंपरेतील धारणा केजच्या मनावर कायमची ठसली. मायदेशी परतताना त्यांनी श्रीरामकृष्ण परमहंसांच्या संवादांचा इंग्रजी ग्रंथ त्यास भेट दिला. आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनातून त्याला रससिद्धांताची ओळख झाली. सज्ज पियानोसाठी त्याने रचलेली सोनाटा व इंटरल्यूड (१९४६–४८) ही रचनामाला भारतीय स्थायी भावांच्या कल्पनेवर आधारलेली आहे. केज व कनिंगहॅम यांच्या द सीझन्स (१९४७) या बॅलेत ऋतुचक्राची भारतीय कल्पना आढळते.

कनिंगहॅमच्या सिक्स्टीन डान्सेस (१९५१) या रचनेचा विषय नऊ रस हाच होता. रसांच्या नृत्यांचा क्रम ठरविताना कनिंगहॅमने प्रथमच नाणे उडवून कौल घेतला. यदृच्छेने निर्णय घेण्याच्या ज्या पद्धतीमुळे तो पुढे ख्यातनाम झाला, तिचा आरंभ अशा रीतीने नवरसांवरील रचनेत झाला, ही बाब उल्लेखनीय आहे. त्याच सुमारास यी चिंग हा प्राचीन चिनी शकुनग्रंथ केजच्या हाती आला. त्यातील सहा रेषांच्या ६४ आकृत्यांचा उपयोग दोघांनीही पुढे आयुष्यभर केला. आपल्या आवडीनिवडी व सवयी यांच्या मर्यादा ओलांडणे, हा त्यामागील हेतू होता.

नृत्यसंघाच्या १९६४ मधील जागतिक दौऱ्यात भारताचाही समावेश होता. मुंबई, अहमदाबाद, चंडीगढ व नवी दिल्ली येथे त्याचे कार्यक्रम झाले. अहमदाबादेत साराभाई कुटुंब यजमान होते.

रंगमंदिराबाहेरील प्रयोग : नाट्यगृहाची चौकट सोडण्याची प्रवृत्ती या दोघांच्या कार्यात लवकर दिसू लागली. १९५२ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ब्लॅक मौंटन महाविद्यालयाच्या भोजनगृहात एक संमिश्र कार्यक्रम झाला. त्यात काव्यवाचन, पियानोवादन, चित्रे, व्याख्यान व नृत्य या गोष्टी एकाच वेळी, परंतु परस्परांवर अवलंबून न राहता, चालू होत्या. प्रेक्षक मध्यभागी बसले होते व कनिंगहॅम त्यांच्यामधून नाचत फिरत होता. त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे ट्यूडरने केजची ४ मिनिटे ३३ सेकंद ही कृती प्रथम सादर केली. तीत वादक एकही स्वर वाजवीत नाही. ते सभागृह मागील बाजूने रानाकडे उघडे होते. त्यामुळे वारा, पाऊस आणि श्रोत्यांची चुळबूळ हेच त्या कृतीचे श्राव्य द्रव्य ठरले. बाहेरच्या आवाजाला व्यत्यय न मानता कृतीचा घटक मानण्याची ही दृष्टी पुढील मुक्ताकाश प्रयोगांना पायाभूत ठरली. १९५३ मध्ये ब्लॅक मौंटन येथेच कनिंगहॅमच्या नृत्यसंघाची स्थापना झाली.

१९६४ च्या दौऱ्यात २४ जून रोजी व्हिएन्ना येथील एका कलासंग्रहालयात कार्यक्रम ठरला होता. तेथे रूढ अर्थाने रंगमंच नव्हता. ठरलेल्या कृती जशाच्या तशा करणे अशक्य दिसताच कनिंगहॅमने निरनिराळ्या कृतींतील अंश निवडून ते मध्यंतराविना एका ओघात गुंफले. या नव्या प्रकाराला ‘इव्हेंट’ हे नाव मिळाले. इव्हेंटमध्ये नृत्यांशांची निवड व क्रम जागेनुसार बदलतो, संगीत त्या प्रसंगापुरते स्वतंत्रपणे योजिले जाते आणि तोच कार्यक्रम सहसा पुन्हा होत नाही. व्यायामशाळा, संग्रहालये, चौक व उद्याने अशा ठिकाणी संघाने पुढील काळात शेकडो इव्हेंट सादर केले. १९७२ च्या सप्टेंबरात इराणमधील पर्सेपलिस येथील प्राचीन अवशेषांत आणि व्हेनिसमधील सेंट मार्क चौकात झालेले इव्हेंट हे त्यांतील विशेष प्रसिद्ध होत. अशा ठिकाणी समोरची बाजू म्हणून एकच दिशा राहत नाही. चारी दिशांनी पाहिले जाणारे नृत्य कसे रचावे, हा प्रश्न या अनुभवातून पुढे आला व ओशनमध्ये त्याला पूर्ण उत्तर मिळाले.

कल्पनेचा उगम : पुराणकथांचा अभ्यासक जोसेफ कँबेल व त्याची पत्नी, नर्तकी जीन अर्डमन यांचा केज-कनिंगहॅम यांच्याशी १९४० नंतरच्या दशकापासून स्नेह होता. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस याने फिनेगन्स वेक (१९३९) ही कादंबरी नदीच्या प्रवाहाभोवती गुंफली होती. १९४१ मध्ये तो मृत्यू पावला नसता, तर त्याची पुढील कृती सागरावर झाली असती, असे मत कँबेलने व्यक्त केले होते. त्यावरून ओशन हे नाव व कल्पना सुचली. जॉइसच्या यूलिसीज व फिनेगन्स वेक या कादंबऱ्यांचे अनुक्रमे १८ व १७ भाग आहेत; त्यांच्या मालिकेत पुढे जाणारे १९ भाग ओशनसाठी कल्पिण्यात आले. १९९१ मध्ये झुरिक येथील जॉइस व केज यांच्याविषयीच्या महोत्सवात ही कृती सादर करावयाची होती. परंतु योग्य अशी वर्तुळाकार जागा न मिळाल्याने बेत मागे पडला. पुढील वर्षी केज मरण पावला. संगीताची स्थूल योजनाच तेवढी त्याच्या हातून झाली होती. ती योजना प्रत्यक्षात आणण्याचे काम, यदृच्छापद्धतीसाठी संगणकाचे कार्यक्रम लिहून अनेक वर्षे केजला साहाय्य करणाऱ्या कल्व्हरने अंगावर घेतले.

नृत्यरचना : यी चिंगमधील ६४ आकृत्यांची संख्या दुप्पट करून कनिंगहॅमने १२८ नृत्यवाक्ये रचली. ‘नृत्यवाक्य’ म्हणजे आरंभ व शेवट असलेला हालचालींचा एक सलग तुकडा. त्यांचा क्रम, नर्तकांची संख्या, प्रवेशाची दिशा व प्रत्येक नर्तकाचे तोंड कोणीकडे असावे, यांसारख्या गोष्टी यदृच्छेने ठरविण्यात आल्या. वर्तुळात नर्तकाचे तोंड एका प्रेक्षकाकडे असताना दुसऱ्याकडे त्याची पाठ असते. म्हणून पाठ, बाजू व समोर यांना सारखेच मोल द्यावे लागले. एकल, युगुल व समूह नृत्ये वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांत एकाच वेळी चालू असतात. कोणता भाग पाहावयाचा, हे प्रेक्षकाने ठरवावयाचे असते. १९८९ पासून कनिंगहॅम संगणकाच्या पडद्यावर मानवाकृती हलवून नृत्याचे आराखडे करू लागला होता. त्या साधनाचाही येथे उपयोग झाला. रचनेच्या वेळी तो ७५ वर्षांचा होता व संधिवाताने त्याच्या स्वतःच्या हालचालींवर मर्यादा आल्या होत्या.

हालचालींतून सागराचे चित्र उभे करण्याचा हेतू नृत्यात नाही. तरीही गटांचे जमणे व पांगणे, एकाच वेळी अनेक ठिकाणी चालणारी गती आणि कोठेच न दिसणारा मध्यबिंदू यांमुळे अथांगपणाचा प्रत्यय येतो.

संगीत : ओशनमध्ये दोन संगीतकृती एकाच वेळी चालतात. कल्व्हरच्या ओशन १–९५ या रचनेत ११२ वादकांची योजना असून संगीतसंचालक नाही. प्रत्येक वादकाच्या पुढे स्वतंत्र स्वरलेखन असते व घड्याळाकडे पाहून तो आपली वेळ साधतो. वर्तुळाच्या परिघावर वादक विखुरलेले असल्याने एखादा स्वर पाठीमागून, तर त्याचा सोबती दूरच्या टोकाकडून येतो. प्रत्येक आसनावरील श्रोत्याला मिश्रण निराळे ऐकू येते. ट्यूडरच्या साउंडिंग्ज : ओशन डायरी (१९९४) या दुसऱ्या रचनेत सागरी सस्तन प्राणी व मासे यांचे आवाज, ध्रुवप्रदेशातील बर्फाचे आवाज व जहाजांचे आणि पाण्याखालील यंत्रांचे ध्वनी यांवर विद्युत् उपकरणांनी संस्कार केलेले आहेत. यांपैकी कोणतीही कृती नृत्याची साथ करीत नाही. मिनिटे व सेकंद दाखविणारी घड्याळे सभोवार मांडलेली असून नर्तक व वादक यांना जोडणारा तेवढाच दुवा असतो. प्रेक्षकालाही ती दिसतात. त्यामुळे सरणारा काळ हा प्रयोगाचा दृश्य भाग बनतो.

प्रयोग : या मांडणीला मोठे वर्तुळ लागते व शंभरांहून अधिक वादक जमवावे लागतात. त्यामुळे प्रयोगांची संख्या मर्यादित राहिली. १९९४ मध्ये ॲम्स्टरडॅम, १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन केंद्रालगतचे डॅमरॉश उद्यान आणि २००६ मध्ये लंडनचे ‘राउंडहाउस’ ही काही उल्लेखनीय स्थळे. यांपैकी राउंडहाउस ही मूळची रेल्वे एंजिनांची वर्तुळाकार शाळा होय.

मिनेसोटा राज्यातील सेंट क्लाउड शहराच्या परिसरात एकोणिसाव्या शतकापासून ग्रॅनाइट काढला जातो. त्या शहराजवळील ‘रेन्बो’ खाणीच्या तळावर ११ ते १३ सप्टेंबर २००८ या दिवसांत सायंकाळी ओशनचे प्रयोग योजिले गेले. मिनीॲपोलिस येथील वॉकर कलाकेंद्र, मिनेसोटा विद्यापीठाची नृत्यशाखा व सेंट बेनेडिक्ट महाविद्यालयाचे कलाकेंद्र यांनी मिळून हा उपक्रम पार पाडला. खडकाच्या तासलेल्या उंच कडांच्या मध्ये वर्तुळाकार मंच उभारण्यात आला. त्याभोवती प्रेक्षकांची आसने व त्यांच्यामागे सु. १५० वादक होते. वादकांत सेंट क्लाउडच्या वाद्यवृंदातील कलावंत होते. ८९ वर्षांचा कनिंगहॅम चाकांच्या खुर्चीत बसून उपस्थित होता. चित्रपटकार चार्ल्स ॲटलस याने या प्रयोगांचे चित्रण केले.

बंदिस्त सभागृहाच्या भिंती ध्वनी आत राखतात आणि प्रकाश पूर्णपणे योजकाच्या हाती असतो. खाणीत या दोन्ही गोष्टी सुटल्या. पाषाणाच्या कडांवरून स्वर परत येत आणि माथ्यावर ते आकाशात विरत. मावळत्या उजेडाची जागा हळूहळू कृत्रिम प्रकाश घेई. नृत्य व संगीत यांच्या संगतीत यदृच्छेने आधीच स्थान मिळविले होते. येथे हवामान व भूरूप यांचीही त्यात भर पडली. एरवी प्रेक्षागृह हे कृतीचे पात्र असते. येथे खाण ही कृतीचाच भाग झाली. माणसांनी दगड काढून नेल्यामुळे उरलेली पोकळी आणि तिच्यात सागराच्या नावाने भरलेला नाद, हा मूळ योजनेत नसलेला अर्थही प्रयोगाला आपोआप लाभला.

आक्षेप व मूल्यमापन : या कलापद्धतीवर आरंभापासून टीका झाली. १९६४ मध्ये पॅरिस येथे काही प्रेक्षकांनी नर्तकांवर अंडी व टोमॅटो फेकले. त्याच दौऱ्यात लंडनला मात्र मोठे यश मिळाले. नृत्य व संगीत यांचा संबंध तोडल्याने दोन्ही दरिद्री होतात, नर्तकाला लयीचा आधार राहत नाही व प्रेक्षकाला भावार्थ मिळत नाही, हा मुख्य आक्षेप. तो निराधार नाही. लयीची भेट ही नृत्यानंदाची सर्वांत जुनी वाट आहे व ती बंद केल्यास काहीतरी गमावले जाते. तथापि त्याच्या मोबदल्यात नर्तकाला स्वतःच्या शरीरातील लय शोधावी लागते, वादकाला शेजाऱ्याचे अनुकरण न करता स्वतःच्या वेळेची जबाबदारी घ्यावी लागते आणि प्रेक्षकाला सिद्ध अर्थाऐवजी स्वतःचे अवधान वापरावे लागते. मुक्ताकाश प्रयोगांत हा विनिमय सर्वाधिक पटतो. कारण निसर्गात आवाज व हालचाल यांची अशीच सोबत असते. झाड हलते व पक्षी ओरडतो, परंतु एक दुसऱ्याची साथ करीत नाही. पाहणारा मात्र दोन्ही एकत्र अनुभवतो.

जतनाचा प्रश्न : खाणीतील प्रयोगानंतर वर्षाच्या आतच, २६ जुलै २००९ रोजी, कनिंगहॅमचे निधन झाले. त्याआधी जूनमध्ये संघाच्या भवितव्याची योजना जाहीर झाली होती. तीनुसार संघाने २०१० व २०११ मध्ये अखेरचा जागतिक दौरा केला. ३१ डिसेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यू शस्त्रागाराच्या विस्तीर्ण दालनात तीन मंचांवर अखेरचा इव्हेंट सादर करून संघ विसर्जित झाला. रचनाकाराच्या पश्चात संघ चालू ठेवून कृती गोठविण्यापेक्षा, तो सन्मानाने थांबवावा व रचना इतरांना शिकता येतील अशा स्वरूपात ठेवाव्यात, असा हा निर्णय होता. कृतींची टिपणे, चित्रफिती, स्वरलेखन व वेशभूषेचे तपशील यांचे संच तयार करण्यात आले. त्यांचे हक्क मर्स कनिंगहॅम न्यासाकडे देण्यात आले. संघाचा दफ्तरसंग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. कनिंगहॅमच्या जन्मशताब्दीनिमित्त १६ एप्रिल २०१९ रोजी लंडन, न्यूयॉर्क व लॉस अँजेल्स येथे त्याच्या रचनांतील शंभर एकल नृत्यांचा इव्हेंट सादर झाला. त्यांत इतर परंपरांत वाढलेल्या नर्तकांनीही भाग घेतला.

ओशनच्या बाबतीत जतनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. १२८ नृत्यवाक्ये शिकविता येतात आणि प्रत्येक वादकाचे स्वरलेखन पुन्हा पुढे ठेवता येते. ॲटलसच्या चित्रपटात नर्तक व खाणीच्या कडा दिसतात. परंतु चित्रपट एका वेळी एकाच दिशेने पाहतो आणि वर्तुळात कोठे पाहावे, हा प्रेक्षकाचा निर्णय तो स्वतः घेतो. पाठीमागून येणारा एका वादकाचा स्वर, कड्यावरून परतलेला त्याचा प्रतिध्वनी व त्याच क्षणी समोर उचललेला एखाद्या नर्तकाचा हात यांची जी भेट खाणीतील एखाद्या आसनावर घडली, ती त्या सायंकाळपुरती व त्या प्रेक्षकापुरतीच होती. अशी भेट नव्याने घडण्यास वाव देणारी चौकट एवढाच या कृतीचा टिकाऊ अंश आहे. ती चौकट नव्या जागी, नव्या नर्तक-वादकांनी पुन्हा उभी करणे, हाच तिच्या जतनाचा मार्ग होय.